पाणी सोडलं

विभागाच्या जिन्यात, पहिल्या वळणावर, सरांचा हसरा फोटो लावलेला होता. त्याच्याखाली ठळक अक्षरांत एक वाक्य होतं: 'आम्ही सगळ्या कामावर पाणी सोडलं.' वाक्याखाली सरांचं नाव. वाक्य सरांचं नव्हतं. ते गिरणीच्या रंगखात्यात काम केलेल्या एका बाईचं होतं. पण तिचं नाव फलकावर नव्हतं, सरांच्या पुस्तकातही नव्हतं. पुस्तकात ती 'एक कामगार स्त्री' होती.

या एका वाक्यावर सरांनी पाव शतक काढलं होतं. गिरणीने रंगखात्यातल्या बायकांना एका सकाळी काढून टाकलं, तेव्हा त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, उठल्या आणि घरी गेल्या. नोकरीवर पाणी सोडून निघून जाणं हाच त्यांचा निषेध, असं सरांचं म्हणणं. त्याला त्यांनी 'मूक माघार' असं नाव दिलं. पुस्तकाच्या चार आवृत्त्या निघाल्या. दुसऱ्या एका अभ्यासकाने आपल्या पुस्तकात सरांचं वाक्य उचललं आणि 'कामावर'चं 'हक्कांवर' केलं. तिसऱ्याने दुसऱ्याचं उचललं आणि बायका ती घोषणा देत बाहेर पडल्या असं लिहून टाकलं. मूक माघार घेणाऱ्या बायका घोषणा कशा देतील, हे त्याला कुणी विचारलं नाही.

विचारलं असतं तर एकटीनेच. तिला विभागात सगळे तळटीप म्हणत. नाव सरांनी ठेवलेलं. पहिल्या वर्षी तिने भर चर्चासत्रात एका पाहुण्या प्राध्यापकांना विचारलं होतं, "हे कुठल्या पानावर आहे?" तेव्हा सर म्हणाले, "या आमच्या तळटीपबाई. पानाच्या तळाशी बसतात आणि वरच्यांच्या पायात पाय घालतात." सभागृह हसलं आणि नाव चिकटलं. ते सोडवण्याचा तिने प्रयत्नही केला नाही, कारण त्यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्याच्या वाक्याचं मूळ पाहिल्याशिवाय तिला बसवत नसे. खरकटा हात तसाच घेऊन बसवत नाही, तसं.

तिचा प्रबंधही त्याच गिरणीवर होता आणि मार्गदर्शक सरच होते. एका कॉलेजात ती कंत्राटावर शिकवत होती. दर वर्षी उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि पुन्हा अर्ज करावा लागायचा. प्राचार्यांनी यंदा साफ सांगितलं होतं: कायमची जागा निघाली आहे, सुट्टीआधी पदवी हातात असेल तर तुमची, नसेल तर दुसऱ्याची. चाळिशी दारात उभी होती. घरात ती आणि तिची आत्या, दोघीच. आत्या निवृत्त परिचारिका. तिचं पेन्शन आणि हिचा कंत्राटी पगार मिळून घर चाले.

तर पदवी हवी होती, आणि तीही लवकर. चौथ्या प्रकरणात सरांचं वाक्य सरांच्या पुस्तकातून घेतलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. पण तळटीप ती तळटीपच. सरांच्या पुस्तकाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'मुलाखत, ध्वनिसंग्रह.' ध्वनिसंग्रह गावातच होता. तिने पत्ता काढला आणि गेली.

संग्रह एका जुन्या संस्थेच्या तळघरात होता. खोलीत ओल्या पुठ्ठ्याचा वास कोंडलेला. सांभाळणारे गृहस्थ शब्दकोडं सोडवत बसले होते. त्यांनी मान वर न करता रजिस्टर पुढे सरकवलं.

"गिरणीच्या फिती? त्या कुणी मागत नाही. पुस्तक आहे की त्याच्यावर."

"पुस्तक वाचलंय. मूळ ऐकायचंय."

"ऐका. हेडफोनचा डावा कान मेलाय, उजव्याने ऐका." त्यांनी कॅसेट यंत्रात सरकवली. "पाच अक्षरी शब्द सांगा, 'दुसऱ्याच्या कष्टावर जगणारा'."

"माहीत नाही."

"पुस्तकं लिहिता आणि शब्द माहीत नाही."

फीत मधूनच सुरू झाली. आधी खरखर, मग भांड्यांचा आवाज, मग एका बाईचा आवाज. ठणठणीत, जरा जाड.

"तयार मालाला आम्ही कामच म्हणायचो. माझं काम वाळलं, तुझं काम अजून ओलंय, असं. तर ते आमचं काम सगळं गोदामात रचलेलं, छताला टेकलेलं. मुकादम आला आणि म्हणाला, माल झाला तयार, आता चालत्या व्हा. राहिलेला पगार नंतर बघू. मग काय. आम्ही सगळ्या कामावर पाणी सोडलं."

इथे एका तरुण पुरुषाचा आवाज मध्ये आला. "म्हणजे नोकरीवर?"

बाई मोठ्याने हसली. "नोकरीवर कशाला सोडू, बाबा? मालावर सोडलं. धुवायच्या टाकीचा मोठा नळ होता, गंजलेला. चौघी लोंबकळलो त्याला तेव्हा फिरला. निळा रंग पांढऱ्यात, लाल पिवळ्यात. ढोपरभर पाणी झालं गोदामात. मुकादम वर ढिगावर चढून बसलेला, मांजरासारखा. तू बघायला पाहिजे होतंस."

तरुण पुरुषही हसला. "बरं, बरं, बरं," तो म्हणाला. "मग?"

तळटीपने यंत्र थांबवलं. हे तीनदा 'बरं' ती गेली सहा वर्षं ऐकत होती. तिने फीत पार मागे नेली. सुरुवातीला त्याच तरुण आवाजाने तारीख सांगितली, बाईचं पूर्ण नाव सांगितलं, आणि मग मुलाखत घेणाऱ्याचं, म्हणजे स्वतःचं नाव सांगितलं. आवाज कोवळा होता, पण सरांचाच.

चुकून ऐकलं असतं, अर्धवट फीत हाती आली असती, तर ती गोष्ट वेगळी. माणूस फसतो. बोलीतला एक शब्द पुस्तकी कानाला भलताच ऐकू येतो आणि एक सिद्धांत उभा राहतो. ते हसण्यावारी नेता आलं असतं. पण सरांनी बाईला तोंडावर विचारलं होतं. बाईने तोंडावर उत्तर दिलं होतं. आणि सरांनी प्रश्नही कापला, उत्तरही कापलं, आणि मधलं वाक्य तेवढं कात्रीने उचलून घरी नेलं.

तिने तो तुकडा पुन्हा एकदा ऐकला. कॅसेटची प्रत मागितली, सही केली आणि बाहेर पडली.

सरांच्या खोलीत ती दुसऱ्या दिवशी गेली. सर तिचं तिसरं प्रकरण चाळत होते. पान उलटताना ते बोट जिभेला लावत. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर एक ओला डाग उमटत होता आणि वाळता वाळता कागद चुरगळत होता.

"सर, मी ती फीत ऐकली. पाणी सोडलं, ती."

बोट जिभेपाशी थांबलं. "अजून चालते? मला वाटलं, बुरशी लागली असेल."

"तुम्ही तिला विचारलंत, नोकरीवर का म्हणून. तिने उत्तर दिलं."

"दिलं की. गमतीदार बाई होती." सर खुर्चीत मागे रेलले. "बस. तू लहान आहेस म्हणून सांगतो. तेव्हा खटला चालू होता, मालाच्या नासधुशीचा. मी ते छापलं असतं तर त्या चौघी आत गेल्या असत्या. मी त्यांना वाचवलं. याला संशोधकाची नीती म्हणतात. कुठल्याच तळटीपेत सापडणार नाही."

क्षणभर तिची तिलाच लाज वाटली. एवढ्या साध्या गोष्टीचा आपण विचारच केला नाही, असं वाटलं. मग सवयीने तिच्या तोंडून प्रश्न निघाला.

"खटला संपला कधी?"

"पुस्तक आलं, त्याच्या पुढच्या वर्षी. मालकाने गिरणीच विकली. मग खटला कोण चालवतो."

"दुसरी आवृत्ती त्यानंतरची ना? तिला तुम्ही नवी प्रस्तावना लिहिली आहे."

सरांनी तिचं प्रकरण मिटलं.

"तिसरीला परिशिष्ट जोडलंय. चौथीत नकाशे आहेत."

"तोवर ते अभ्यासक्रमात लागलं होतं," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, कुणाला रस्ता समजावून सांगावा तसा आवाज होता. "पोरं परीक्षेला 'मूक माघार' लिहीत होती. त्यांना काय सांगू, बायकांनी मालकाचं कापड बुडवलं आणि हसत घरी गेल्या? मग मूक कसली आणि माघार कसली? एका बाईच्या विनोदासाठी सगळी इमारत पाडायची?"

"विनोद नव्हता तो, सर. तिने काय केलं ते ती सांगत होती."

"बरं, बरं, बरं." सर पुढे झुकले. "तुझं म्हणणं वाया जाऊ देणार नाही मी. आपण एक लेख करू. 'मूक माघार: एक पुनर्वाचन.' माझं नाव आधी, तुझं मागे. सिद्धांताचा विस्तार केला म्हणू. शेवटी मुलाखत घेतली मी, तिथे हजर होतो मी. बाई तर कधीच गेली. आता प्राथमिक साधन म्हणशील, तर ते मीच."

"प्राथमिक साधन ती बाई आहे," तळटीप म्हणाली. "तुम्ही दुय्यम."

खोलीत पंखा फिरत होता. सरांनी तिचा गठ्ठा ओढला, बोट ओलं केलं आणि दुसऱ्या प्रकरणातलं एक पान उघडलं.

"गिरणी निरीक्षकाचा अहवाल. हा कुठे पाहिलास?"

ती पानावर वाकली.

"पाहिलाच नाहीस. माझ्या पुस्तकातून घेतलास आणि टीप मात्र थेट अहवालाची दिलीस. जसं काही स्वतःच धूळ खाल्ली. असे आणखी किती आहेत? मी रागावलो का? सगळेच करतात. मीही केलंय. म्हणून म्हणतो, फार सोवळं नेसून फिरू नकोस. घसरशील."

ती घरी आली तेव्हा आत्या खिडकीत बसून औषधाच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरत होती. तळटीपने सगळं सांगितलं. अहवालाचंही सांगितलं, कारण आत्यापासून लपवून कधीच काही साधलं नव्हतं.

"थांब, मला नीट कळू दे," आत्या म्हणाली. "एकाने जेवलेलं दुसरा खातो, दुसऱ्याचं तिसरा. असंच ना?"

"साधारण."

"म्हणजे एकमेकांचं उष्टं खाता आणि ढेकर मात्र पहिल्या पंगतीची देता."

"आत्या."

"मी काय म्हटलं? आम्ही इस्पितळात रुग्णाचा ताप स्वतः बघून लिहायचो. आधीच्या पाळीचा आकडा खाली उतरवला तर मेट्रन हातावर मारायची." तिने डबीचं झाकण लावलं. "नोकरी हवी आहे की नाही तुला?"

"हवी आहे."

"मग ते वाक्य सोडून दे. दुसरं काहीतरी लिही. बाई मेली, गिरणी मेली. मालकही मेला असेल."

"ते वाक्य सोडलं तर चौथ्या प्रकरणात काही उरत नाही. आणि मला त्याचीच किळस येते, आत्या. त्याच्याबरोबर माझीही येते."

आत्याने डबी बाजूला ठेवली. "किळस आली की माणूस हात धुतो," ती म्हणाली. "नुसतं नाक मुरडून बसत नाही."

पुढचे सगळे रिकामे तास तिने आपल्याच दुसऱ्या प्रकरणाच्या मागे घालवले. जी जी टीप उसनी होती तिचं मूळ शोधत ती कार्यालयांच्या पायऱ्या चढली. बहुतेक ठिकाणी मूळ सापडलं आणि उसन्यापेक्षा वेगळं निघालं. निरीक्षकाच्या अहवालाचं तर अजबच झालं. तिथल्या कारकुनाने सगळे खंड टेबलावर आणून ठेवले. त्यात नेमकं तेच वर्ष नव्हतं.

"हरवलंय का?"

"हरवायला छापायला तर हवं," कारकून म्हणाला. "त्या वर्षी निरीक्षकाची जागाच रिकामी होती. अहवाल कोण लिहिणार, खुर्ची?"

म्हणजे सरांनी ज्याचं पान आणि परिच्छेदही दिला होता, तो अहवाल जन्मालाच आलेला नव्हता. आणि तिनेही तो जिभल्या चाटत आपल्या पानावर वाढला होता. परतीच्या वाटेवर तिला स्वतःच्या पिशवीतल्या गठ्ठ्याला हात लावावासा वाटेना. घरी येऊन तिने तो परिच्छेद काढला आणि तिथे लिहिलं की या वर्षीचा अहवाल अस्तित्वात नाही, आणि तो अनेक पुस्तकांत उद्धृत झालेला आहे. त्या पुस्तकांत स्वतःच्याच एका छापील लेखाचंही नाव घातलं.

मग चौथं प्रकरण. त्यात तिने मुलाखत जशीच्या तशी दिली. बाईचं पूर्ण नाव, तिचा 'काम' हा शब्द, सरांचा प्रश्न, तिचं हसणं, तिचं उत्तर, ढिगावर चढलेला मुकादम. खाली दोन पानांत, आवाज न चढवता, 'मूक माघार' का टिकत नाही ते लिहिलं. साधनांच्या यादीत, 'प्राथमिक' या शीर्षकाखाली, मुलाखतीची नोंद केली: सांगणारी अमुक, विचारणारे अमुक.

प्रबंध सादर करण्याआधी सरांची सही लागत असे. 'हा प्रबंध मी साद्यंत वाचला आहे,' असं छापलेल्या कागदावर. ती भांडणाची तयारी करून गेली. काय बोलायचं ते रस्त्याने घोकत गेली.

सरांनी गठ्ठा घेतला आणि थेट शेवटाला हात घातला. ओलं बोट यादीवरून खाली सरकत गेलं. 'प्राथमिक'खाली आपलं नाव दिसलं तसे ते थांबले. चेहरा खुलला.

"पटलं तर शेवटी," ते म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?"

आणि सही केली. चौथं प्रकरण मध्येच होतं, हाताच्या अंतरावर. 'सर, ते वाचा,' एवढे तीन शब्द बोलायचे होते. तिच्या जिभेवर आलेही. पण समोर सही होती, शाई अजून ओली होती, आणि कॉलेजची सुट्टी तोंडावर आली होती. तिने कागद उचलला आणि "येते" म्हणून निघाली. जिन्यात फोटोजवळून जाताना तिने मान वळवली नाही. त्या दिवशी आत्याने विचारलं, "भांडलीस?" तेव्हा ती म्हणाली, "वेळच आली नाही." आत्याने पुढे काही विचारलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

परीक्षकांचा अहवाल लवकर आला, शिफारस चांगली होती, आणि तोंडी परीक्षेची तारीख लागली. विभागप्रमुखांच्या खोलीत लांब टेबल मांडलं होतं. एका टोकाला प्रमुख, त्यांच्या उजव्या हाताला सर, डाव्या हाताला बाहेरून आलेले परीक्षक, सोनेरी काड्यांच्या चष्म्याचे, प्रवासाने दमलेले. भिंतीकडेला तिच्या कॉलेजचे प्राचार्य मुद्दाम येऊन बसले होते. जेवण उमेदवाराने सांगायचं असतं, तसं तिने सांगितलं होतं. डबे बाहेर बाकावर आले होते आणि त्यांचा वास खोलीत येत होता.

प्रमुखांनी परीक्षकांचा अहवाल मोठ्याने वाचला. "'मूक माघार' या सिद्धांताला उमेदवाराने नव्या पुराव्यांची भक्कम जोड दिली आहे. विशेषतः चौथ्या प्रकरणात हा सिद्धांत अधिक पुढे नेला आहे."

सर नम्रपणे टेबलाकडे पाहत हसले.

"फार मनापासून केलेलं काम," परीक्षक म्हणाले. "मला काही विचारायचं नाही. अभिनंदन. गुरूंचं नाव राखलंत."

भिंतीकडून प्राचार्यांनी तिला हळूच मान डोलावली. जागा तुमची, असा त्याचा अर्थ होता. प्रमुखांनी पेनाचं टोपण काढलं. एकच काम बाकी होतं: गप्प राहायचं.

तिला फितीतलं बाईचं ते मोठ्याने हसणं आठवलं.

"पण चौथ्या प्रकरणात मी तसं लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "उलट लिहिलंय."

पेन थांबलं. सर हसतच राहिले, पण तिच्याकडे बघून.

"तुम्ही दमलात," प्रमुख म्हणाले. "होतं असं तोंडीला."

"सिद्धांत चुकीचा आहे असं लिहिलंय, आणि का ते लिहिलंय. आपण प्रकरण उघडावं."

परीक्षकांनी सरांकडे पाहिलं. सरांनी प्रमुखांकडे पाहिलं. मग परीक्षकांनी खाली वाकून आपली बॅग उघडली आणि विभागाने कुरिअरने पाठवलेलं पुडकं टेबलावर ठेवलं. तपकिरी कागद, चारी बाजूंनी चिकटपट्टी, वर विभागाचा शिक्का. ते फोडलेलं नव्हतं. ठेवून झाल्यावर त्यांच्याही ते लक्षात आलं, आणि त्यांनी त्यावर तळहात ठेवला.

कुणीतरी खाकरलं.

"माझ्याकडे संगणकावर प्रत होती," परीक्षक म्हणाले.

"संगणकावर पाठवलेलीच नाही," तळटीप म्हणाली. "नियमात बसत नाही म्हणून विभागाने नकार दिला होता."

"हे बघ," सर पहिल्यांदाच बोलले. आवाज अगदी मऊ होता. "पदवी मिळतेय. नंतर लेख लिही, हवा तेवढा. माझ्याविरुद्ध लिही. आता कशाला?"

"नंतर लिहिला तर या पदवीच्या अहवालात ती बाई तुमच्याशी सहमत म्हणून राहील. आणि पुढचा कुणीतरी तो अहवाल उद्धृत करेल."

प्राचार्य उठून उभे राहिले होते. जावं की बसावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"बाई, मला संध्याकाळी परत जायचंय," परीक्षक म्हणाले. "जेवणही थंड होतंय. हे वाचायला किती वेळ लागेल?"

"प्रकरण लहान आहे."

तिने परीक्षकांच्या हाताखालून पुडकं ओढून घेतलं. चिकटपट्टी नखाने निघेना, तेव्हा प्रमुखांच्या टेबलावरची कात्री उचलली आणि कागद सरळ रेषेत कापला. प्रबंध बाहेर काढला, चौथं प्रकरण उघडलं आणि परीक्षकांच्या पुढ्यात ठेवलं. स्वतःजवळची प्रत त्याच पानावर उघडून सरांपुढे सरकवली. मग कुणी सांगितलं नसताना खुर्ची ओढून बसली.

परीक्षकांनी चष्मा सारखा केला आणि वाचायला सुरुवात केली. सरांनी बोट तोंडाकडे नेलं.

"तुमच्यापुढची प्रत माझी आहे, सर," ती म्हणाली. "कोरड्या हाताने उलटा."